सी, जीलिब आणि ‘मराठी’ या शब्दाची लांबी

आजचा भाग सी शिकणाऱ्यांसाठी. बाकीच्यांनीही थांबा, कारण शेवटी गोष्ट आपल्या नावांपर्यंत येणार आहे.

कॉलेजात सी शिकताना सगळे एक काम करतात: लिंक्ड लिस्ट स्वतः लिहायची. नोड, पॉइंटर, मॅलॉक, फ्री. मी म्हणतो, एकदा लिहायलाच हवी. पण प्रत्येक प्रोजेक्टमध्ये पुन्हा पुन्हा? पायथॉनवाला मित्र एका ओळीत डिक्शनरी बनवून मोकळा होतो आणि आपण मात्र हॅश टेबल लिहीत रात्र काढतो. कारण सीच्या स्टँडर्ड लायब्ररीत लिस्ट नाही, हॅश टेबल नाही, हवी तशी वाढणारी स्ट्रिंगही नाही.

ही उणीव भरून काढणारी एक जुनी, भरवशाची लायब्ररी आहे. तिचं नाव जीलिब.

ती आली कुठून? 1995 च्या सुमारास अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी फोटो एडिट करायचं गिंप नावाचं सॉफ्टवेअर बनवत होते. सुरुवातीला खिडक्या-बटणांसाठी त्यांनी मोटिफ वापरलं, नंतर स्वतःचं टूलकिट लिहिलं, तेच जीटीके. त्यात लिस्ट, स्ट्रिंग, मेमरी अशी बरीच कामं होती ज्यांचा खिडक्यांशी काहीच संबंध नव्हता. ती पुढे वेगळी काढली, आणि तीच जीलिब झाली. आज क्यूईम्यू, वायरशार्क, जीस्ट्रीमर आणि ग्नोमचा अख्खा डेस्कटॉप तिच्यावर उभा आहे. म्हणजे लिनक्स डेस्कटॉप वापरत असाल, तर बहुतेक वेळा ती तुमच्या मशीनवर आधीच बसलेली असते.

तिच्यात काय आहे? जी-लिस्ट, जी-हॅश-टेबल, आपोआप वाढणारी जी-स्ट्रिंग, थ्रेड्स, आणि मेन लूप. मेन लूप म्हणजे ‘काही घडलं की मला सांग’ असं म्हणून वाट बघत बसणारा चौकीदार.

पण फुकट काहीच मिळत नाही हं. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली. जी-लिस्टच्या शेवटी नोड जोडायचा, तर दर वेळी सुरुवातीपासून टोकापर्यंत चालत जावं लागतं. हजारो नोड असतील तर प्रोग्राम रांगायला लागतो. म्हणून सगळे पुढे जोडा आणि शेवटी एकदाच लिस्ट उलटी करा.

दुसरी. जी-लिस्ट-फ्री फक्त नोड सोडते, आतला डेटा नाही. डेटा तुम्ही मॅलॉकसारख्या फंक्शनने घेतला असेल तर तो तसाच लटकत राहतो, आणि ती झाली मेमरी लीक. दोन्ही सोडायचं असेल तर जी-लिस्ट-फ्री-फुल वापरा. ‘ही मेमरी कोणाची?’ हा सीचा जुना प्रश्न जीलिब मिटवत नाही, फक्त नीट मांडून देते.

तिसरी. मेमरी मिळाली नाही तर साधं मॅलॉक नल परत देतं, पण जी-मॅलॉक प्रोग्रामच बंद करतं. डेस्कटॉपवर हे चालतं. पण एखादं यंत्र चालू ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये मोठी मेमरी मागताना जी-ट्राय-मॅलॉक घ्या. ते नल देतं, पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आता माझ्या आवडीचा भाग. ‘मराठी’ हा शब्द घ्या. सीच्या एसटीआरलेनला लांबी विचारा, उत्तर येतं 15. का? यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं, आणि इथे चिन्हं पाच: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. जीलिबच्या यूटीएफ-8 वाल्या फंक्शनला विचारलं, तर उत्तर 5. बरंच बरं! पण आपण शाळेत मोजतो ती अक्षरं तीन: म, रा, ठी.

फरक कुठे पडतो? समजा एखाद्या फॉर्ममध्ये नावासाठी 10 बाइटची जागा आहे. तिथे ‘मराठी’ कापला, तर ‘मरा’नंतर ‘ठ’चा एकच बाइट उरतो आणि स्क्रीनवर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह दिसतं. जीलिबने चार चिन्हांवर कापलं तर कचरा येत नाही, पण शब्द होतो ‘मराठ’. वेलांटी गेली! ‘ज्ञ’चंही तेच. आपल्याला अक्षर एक दिसतं, आत चिन्हं तीन असतात: ज, हलन्त, ञ.

म्हणून माझं म्हणणं असं: जीलिब तुम्हाला बाइटवरून चिन्हापर्यंत आणते. अक्षरापर्यंतचं पुढचं पाऊल पँगोसारखी लायब्ररी टाकते, आणि तीही जीलिबवरच बांधलेली आहे. उद्या तुम्ही सीमध्ये असं काही लिहिलंत ज्यात कोणाच्या आजीचं नाव टाईप होणार आहे, तर ते नाव मध्येच तुटू नये ही जबाबदारी तुमची. कापण्याआधी विचारा, मी काय मोजतोय: बाइट, चिन्ह की अक्षर?

आता होमवर्क. लिस्ट एकदा स्वतः लिहा, मग तेच काम जीलिबने करा. दोन्ही प्रोग्राम शेजारी ठेवून बघा, किती ओळी वाचल्या आणि किती जबाबदाऱ्या तरीही तुमच्याकडेच राहिल्या. आणि हो, स्वतःच्या नावाची लांबी तिन्ही प्रकारे मोजून बघा. तुमचे आकडे काय आले ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात!