पायपीट आणि फेरफटका

(मोहोळ येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

मराठीत प्रवासवर्णनांना तोटा नाही. अनंत काणेकरांचे ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ १९४० साली आले, पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ १९६० साली. दोघेही डोळस आणि रसिक. तथापि परक्या शहरात कसलेही काम नसताना, हात मागे बांधून हिंडणे ही चैन आहे. ती कोणाच्या वाट्याला येते, हा प्रश्न आपल्या समीक्षेने क्वचितच विचारला. मोहोळच्या स्थानकावर गाडी धरून कामासाठी पुण्या-मुंबईला उतरणाऱ्या मजुराला परके शहर तिथेच भेटते. तो दुकानांच्या पाट्या वाचीत नाही. रात्री पथारी कोठे टाकायची, पाण्याचा नळ कोठे आहे आणि मुकादम किती पैसे कापून घेणार, एवढेच तो पाहतो.

अण्णाभाऊ साठे यांना दोन्ही अनुभव आले. (लाल बावटा कलापथकातले त्यांचे सोबती अमर शेख आपल्या बार्शीचे, हे येथे सांगावयास नकोच.) वाटेगावचा हा मुलगा दीड दिवसाची शाळा करून, जागतिक मंदीच्या काळात, आईबापांबरोबर पायी मुंबईस आला. ती पायपीट होती. १९६१ साली, चाळिशी गाठल्यावर, ते मॉस्कोच्या रस्त्यांवरून पाहुणे म्हणून हिंडले. तो फेरफटका. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे पुस्तक त्यातून झाले.

त्या मॉस्कोत भुयारी रेल्वे १९३५ पासून धावत होती. कोठेही उतरा, भाडे पाच कोपेक. पाच मजली इमारती भराभर उठत होत्या. घरे लहान, भिंती पातळ, पण कुटुंबागणिक स्वतःचे दार. घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीत राहणाऱ्या लेखकाला हे शहर भारून टाकील, यात नवल कसले? झोपडपट्टीतून आलेला माणूस शहराची श्रीमंती मनोऱ्यांवरून मोजीत नाही, लोकांच्या पायांतील जोड्यांवरून मोजतो. आणि ते मोजमाप दरडोई उत्पन्नाच्या आकड्याहून पुष्कळदा खरे निघते.

परंतु पाहुण्याच्या फेरफटक्याला कुंपण असते. पुढच्याच वर्षी, जून १९६२ मध्ये, दक्षिण रशियातील नोव्होचेर्कास्क येथे मांस व लोणी महागले म्हणून कामगार रस्त्यावर आले. कामगारांच्या म्हणविणाऱ्या राज्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मेली आणि ती बातमी वर्षानुवर्षे दडपली गेली. कुंपणापलीकडचे दिसले नाही म्हणून अण्णाभाऊंना दोष देणे उथळपणाचे होईल. दोष द्यावयाचाच तर तो शिकल्यासवरल्या नेत्यांना द्यावा. स्टालिनच्या अत्याचारांची कबुली देणारे ख्रुश्चॉव्हचे भाषण १९५६ सालीच जगापुढे आले होते, आणि ते त्यांनी वाचलेले होते.

अण्णाभाऊ १९६९ साली दारिद्र्यातच गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतील परकीय साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा उभा राहिला, मंत्री गेले, भाषणे झाली. युक्रेनवरील आक्रमणाचे ते वर्ष. त्याच वर्षी, त्याच शहरात, हातात नुसता कोरा कागद धरून रस्त्यावर उभ्या राहिलेल्या माणसांना पोलीस पकडून नेत होते.