लाईट गेल्यावरची खबरदारी



३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. रायगडात आणि मंडणगड-दापोली भागात विजेचे खांब आडवे झाले. कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. पुढल्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' आले.

वादळ एका दिवसात जाते, धोका मागे राहतो. घरात अंधार म्हणजे तारेत करंट नाही, असे आपण धरून चालतो. ते खरे नव्हे. तुटलेल्या तारेपासून दहा मीटर दूर राहावे, गुरेपोरे आवरावीत आणि १९१२ वर कळवावे. काठीने तार बाजूला करणारे उत्साही तरुण आम्हास शूर वाटत नाहीत.

जनरेटरचा विषय अधिक नाजूक आहे. वर्गणी काढून तो आणतात आणि सरळ घरातल्या सॉकेटला जोडतात. मेन स्विच बंद नसेल तर करंट उलटा डीपीकडे जातो, तेथे त्याचे ११ हजार व्होल्टही होऊ शकतात, आणि खांबावर चढलेला वायरमन, तोही कोणाच्या तरी घरचा मुलगाच, प्राणास मुकतो. चेंजओव्हर स्विच बसविल्यावाचून जनरेटर जोडूच नये. तो पडवीतही ठेवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

विहारातील मेणबत्त्या वंदनेनंतर विझवूनच कुलूप लावावे. अभ्यासाला बसणाऱ्या मुलांसाठी बॅटरीचे दोन कंदील विहारात असावेत, अशी आमची सूचना आहे. त्यासाठीची वर्गणी आजच लिहून घ्यावी.