‘सफिशियंट’ म्हणजे पुरेसं

आज एका इंग्रजी शब्दाची ओळख करून घेऊ. शब्द आहे ‘सफिशियंट’. सफिशियंट म्हणजे पुरेसं. त्याच्या आधी ‘इन’ लागलं की अर्थ उलटा होतो. इनसफिशियंट म्हणजे अपुरं. आपल्या ‘पुरं’ला ‘अ’ लागून ‘अपुरं’ होतं ना, अगदी तसंच.

पुरेसं म्हणायला इंग्रजीत ‘इनफ’ हाही शब्द आहे. तो रोजच्या बोलण्यातला. वाढणाऱ्याला आपण हात आडवा करून “पुरे, पुरे” म्हणतो, तिथं इनफ चालतो. सफिशियंट जास्त करून भेटतो तो कागदावर.

मला तो भेटला बँकेत. आमच्या बचत गटानं एका दुकानदाराला पापड दिले होते. त्यानं दिलेला चेक आम्ही गटाच्या खात्यात भरला. तो परत आला, सोबत चिठ्ठी : ‘फंड्स इनसफिशियंट’. म्हणजे पैसे अपुरे. आम्हाला वाटलं, आपल्याच खात्यात कमी असतील! लाजेनं कुणाला विचारलंही नाही. दीड महिन्यानं बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, “अहो ताई, पैसे कमी आहेत ते चेक देणाऱ्याच्या खात्यात!”

अशा वेळी कायद्याचं कलम १३८ आपल्या बाजूनं असतं, पण दिवस मोजून. बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस धाडायची. ती मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस. तरी दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची.

आमचे ३० दिवस तर गेले होते. पण चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिने चालतो, ती मुदत शिल्लक होती. आम्ही तो पुन्हा भरला. पुन्हा तीच चिठ्ठी आली! या खेपेला आठवड्याच्या आत वकिलांकडून नोटीस धाडली आणि पैसे आले.

एक लक्षात ठेवा. एटीएमवर ‘इनसफिशियंट बॅलन्स’ दिसलं, तर शिल्लक आपल्या खात्यात कमी. भरलेला चेक ‘फंड्स इनसफिशियंट’ म्हणून परत आला, तर कमी समोरच्याच्या खात्यात. तेव्हा लाजायचं त्यानं, आपण नाही. आपण चिठ्ठीवर मिळाल्याची तारीख लिहायची आणि त्याच दिवशी बँकेत विचारायचं.