पेपराच्या नावात कोण असतं?

(ग्रामपंचायत सदस्य आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्या यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय चांगला भारदस्त आहे, 'स्थानिक राजकारण आणि प्रसारमाध्यमे'. प्रसारमाध्यमं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टीव्ही येतो, हातातला मोबाइल येतो. पण तुमच्या ग्रामसभेत काय झालं, कुणावर अविश्वास आला, टँकरचं बिल कुणी काढलं, हे टीव्हीवर येत नाही. आलंच तर ते जिल्ह्याच्या पेपरात येतं. तेव्हा मी त्या चार-आठ पानी पेपरांबद्दलच बोलणार आहे, आणि सुरुवात त्यांच्या नावांपासून करणार आहे. नावं गमतीची आहेत हे तर खरंच. पण त्या गमतीत आपलंही काही अडकलेलं आहे.

एकट्या बीडचं बघा. 'झुंजार नेता', 'पार्श्वभूमी', 'चंपावतीपत्र', 'लोकाशा', 'लोकप्रश्न'. साताऱ्यात 'ऐक्य', लातुरात 'एकमत', नगर जिल्ह्यात 'सार्वमत', नांदेडला 'प्रजावाणी', बेळगावात 'रणझुंझार', चिपळूणला 'सागर', अलिबागला 'कृषीवल', कोल्हापूरचा 'पुढारी', नाशिकचा 'गावकरी'. परक्या माणसाने ही यादी वाचली तर त्याला वाटेल की या महाराष्ट्रात अर्धे लोक कायम लढताहेत आणि उरलेल्या अर्ध्यांचं कायम एकमत झालेलं आहे. तुम्ही ग्रामपंचायतीत बसता. एकमत किती ठरावांवर होतं आणि 'बिनविरोध' शब्दामागे रात्री काय काय झालेलं असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

यातल्या काही नावांचं कारण अगदी साधं, कायद्याचं आहे. पेपर काढायचा तर त्याचं नाव सरकारकडे नोंदवावं लागतं. आधी १८६७ चा कायदा होता, आता २०२३ चा नवा कायदा मार्च २०२४ पासून लागू झालाय. दुसऱ्या मालकाने घेतलेलं नाव त्याच भाषेत घेता येत नाही, त्याच राज्यात दुसऱ्या भाषेतही घेता येत नाही. म्हणून अर्ज करताना एकाहून जास्त नावं पसंतीक्रमाने लिहून द्यावी लागतात. चांगली, सुटसुटीत नावं केव्हाच संपली. 'लोकमत' गेलं, 'लोकसत्ता' गेलं, मग 'लोकपत्र', 'लोकमंथन', 'लोकाशा' असा लोकांचा गोतावळा वाढत जातो. जुन्या काळातली गोष्ट वेगळी. बेळगावचा 'तरुण भारत' १९१९ मध्ये बाबूराव ठाकुरांनी सुरू केला, आणि नागपूरचा 'तरुण भारत' हे निराळंच घर आहे. नाव एक आणि राजकारण दोन. एकीकडे सीमाप्रश्न, दुसरीकडे संघाचा विचार.

पण कायद्याने फक्त कुठली नावं घेता येत नाहीत तेवढं ठरतं. कुठलं नाव घ्यावंसं वाटतं, ते राजकारण ठरवतं. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये 'दर्पण' काढलं, म्हणजे आरसा. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी, १८७७ मध्ये, सत्यशोधक कृष्णराव भालेकरांनी 'दीनबंधु' काढला. आरसा दाखवणारा समोर उभा असतो, बंधू शेजारी बसतो. नुसत्या नावावरून बोलण्याची जागा बदलली. १९२० मध्ये बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं, १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत', पुढे 'जनता', आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. ही नावं ओळीने वाचली तरी मुक्यापासून प्रबुद्धापर्यंतची चळवळ समजते. कुलाब्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून खोतांविरुद्ध वर्षानुवर्षं संप केला. त्याचे पुढारी नारायण नागू पाटील यांनी पेपर काढला आणि त्याला नाव दिलं 'कृषीवल'. म्हणजे शेतकरी, कुळ. खोताच्या वाड्यावर हा शब्द कौतुकाने घेतला गेला नसेल. आणि निजामाच्या राज्यात तर 'मराठवाडा' हे नुसतं नावसुद्धा चालत नसे. आ. कृ. वाघमारे पुण्यातून ते साप्ताहिक काढत, निजाम बंदी घाली, की ते नव्या नावाने निघे, पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव.

एवढं सगळं ऐकल्यावर एक साधा प्रश्न विचारू या. या नावांत बाई कुठे आहे?

नायक आहे, नेता आहे, पुढारी आहे, बंधू आहे, केसरी म्हणजे सिंह आहे. सिंहीण नाही. 'गावकरी' तरी आपल्यासकट असेल असं वाटतं, आणि नाशिकच्या पेपराच्या मनात सगळे गावकरी असतीलही. पण गोव्यात गावकरी किंवा गावकार म्हणजे कोण ते बघा. गावाच्या सामाईक जमिनीचे पिढीजात हक्कदार, आणि ते मूळ घराण्यांतले पुरुष. त्या घरची मुलगी गावकार नाही, सूनही नाही. शब्द सगळ्यांचा वाटतो आणि हक्काची यादी काढली की अर्धं गाव गळतं. एका नावात तेवढी बाई सापडते, बीडच्या 'चंपावती'त. ते बीडचं जुनं नाव. विक्रमादित्याच्या बहिणीवरून पडलं अशी दंतकथा आहे. म्हणजे तिथेही राजाची बहीणच.

बायकांसाठी म्हणून जी मासिकं निघाली त्यांची नावं याच्याशेजारी ठेवा. एकोणिसाव्या शतकात 'आर्यभगिनी', पुढे 'गृहलक्ष्मी', 'माहेर', 'गृहशोभिका'. कुणाची तरी बहीण, कुणाच्या तरी घरची लक्ष्मी आणि शोभा, आणि दमली की माहेर. या मासिकांनी बायकांना वाचायला-लिहायला लावलं, त्याचं मोल मी कमी लेखत नाही. किर्लोस्करांनी १९३० मध्ये आपल्या मासिकाला नुसतं 'स्त्री' म्हटलं, ते तेव्हा धाडसाचंच होतं. पण वाटणी लक्षात घ्या. रण, मत, लोक, प्रजा, गाव हे शब्द त्यांच्याकडे गेले. आपल्याकडे घर आलं.

आणि हे बायका लिहीत नव्हत्या म्हणून झालं असंही नाही. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मांग समाजाच्या मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'ने छापला. ते मिशनऱ्यांचं पत्र. ताराबाई शिंद्यांची गोष्ट तर आपल्या विषयाला थेट भिडते. १८८१ मध्ये सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली. त्या निमित्ताने 'पुणेवैभव' नावाच्या सनातनी पत्रातून सगळ्या बायकांच्या चालचलणुकीवर शिंतोडे उडाले. ताराबाई बुलढाण्याच्या. संपादकाला पत्र पाठवून त्या थांबल्या नाहीत. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तकच छापलं. त्याच्यावर गहजब झाला तेव्हा जोतीरावांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुण्याचं वैभव कशात आहे, हे बुलढाण्याच्या बाईने पुण्याला सांगितलं. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात खुद्द 'दीनबंधु'ची संपादक एक बाई होती, तानुबाई बिर्जे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर त्यांनी पत्र हातात घेतलं आणि काही वर्षं चालवलं. बंधूचं काम भगिनीने केलं, नाव बंधूचंच राहिलं. पत्रकारितेच्या किती वर्गांत तानुबाई शिकवल्या जातात, विचारून बघा.

आता आजच्या पेपरात या. १९९३ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आपल्याला पंचायतीत एक तृतीयांश जागा मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. म्हणजे जिल्ह्याच्या पेपरात निम्म्या बातम्यांत सरपंच बाई दिसायला हवी. दिसतं काय? 'सरपंचपती'. हे पद कुठल्याही कायद्यात नाही. ते रुळवण्यात पेपरांचा मोठा हात आहे. रस्त्याचं उद्घाटन सरपंचपतींच्या हस्ते, फोटोत सरपंचपती मधोमध, आणि मजकुराच्या शेवटी 'यावेळी सरपंच सौ. अमुक याही उपस्थित होत्या'. स्वतःच्याच पंचायतीत 'याही'! हा 'ही' मला फार छळतो. वरच्या पातळीवर तरी वेगळं आहे का? 'सामना'वर २०२० मध्ये, उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाल्यावर, संपादक म्हणून रश्मी ठाकरे यांचं नाव लागलं. २०२२ मध्ये मुख्यमंत्रिपद गेलं आणि संपादकपदावर पुन्हा उद्धव ठाकरे आले. रश्मीताईंनी काम किती केलं यावर मी बोलत नाही, ते मी कसं सांगणार? बाईचं नाव कधी लागतं आणि कधी उतरतं, एवढंच बघा. तुमच्यापैकी पुष्कळजणींना ते ओळखीचं वाटेल.

याच्यामागे पैसाही आहे. लहान पेपर विक्रीवर जगत नाही. तो सरकारी जाहिरातींवर, निविदांवर आणि शुभेच्छांवर जगतो. तालुक्याचा वार्ताहर पुष्कळदा जाहिराती गोळा करणारा असतो, पेपरचा एजंटही तोच. त्याला पगार म्हणाल तर नाममात्र, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनची. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला तो ग्रामपंचायतीत येतो, साहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी येतो. जो जाहिरातीचे पैसे देतो त्याचा फोटो छापतो. घरातले पैसे तुमच्या हातात नसतील तर फोटोही तुमचा नसणार. मोठे पेपर यातून सुटलेत असं समजू नका. २००९ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीचा एकच लेख एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दैनिकांत शब्दशः छापून आल्याचं पी. साईनाथ यांनी दाखवून दिलं होतं. नावं वेगवेगळी, मजकूर एक. 'एकमत' म्हणतात ते असं.

आता शेवटच्या पानावर या, बारीक टायपात. तिथे 'जाहीर नोटीस' असते. गट नंबर अमुक, मौजे तमुक, ही जमीन आमचे अशील विकत घेणार आहेत, कुणाचा वारसाहक्क, बोजा, हितसंबंध असेल तर इतक्या दिवसांत कागदपत्रांसह कळवावं, नाहीतर कुणाचाही हक्क नाही असं समजून व्यवहार पुरा केला जाईल. मुदत सात दिवस, कधी पंधरा. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क आहे. भाऊ जमीन विकतो तेव्हा सासरी असलेल्या बहिणीला ही नोटीस कुठल्या पेपरात शोधायची? ती हमखास अशा पेपरात असते, ज्याचं नाव तिने ऐकलेलं नाही आणि जो तिच्या तालुक्यात येत नाही. स्वस्तात छापून मिळते आणि कुणी वाचत नाही, हे दोन्ही गुण एकत्र. नोटीस वाचली नाही म्हणून तुमचा हक्क मरत नाही, हे नीट लक्षात ठेवा. पण घेणारा पुढे कोर्टात तेच कात्रण दाखवतो, की मी तर जाहीर विचारलं होतं, कुणी आलं नाही. मग वर्षानुवर्षं फेऱ्या तुमच्या. 'प्रजा', 'लोक', 'जन' अशा नावांच्या पेपरांतून प्रजेला कळू नये म्हणूनही छापता येतं, ते असं.

म्हणून माझी एक मागणी आहे. आपल्या जिल्ह्यात कुठले कुठले पेपर निघतात, त्यांची नावं, ते कुणाचे, नोटिसा कुठल्या पेपरात जास्त येतात, याची यादी प्रत्येक गटाने करावी. वाचनालयात आठवड्यातून एक दिवस एकीने जाऊन शेवटची पानं वाचावीत आणि गट नंबर वहीत उतरवावेत. हे कंटाळवाणं काम आहे, घोषणा देण्यासारखं नाही. पण एका दुपारी एखादीची दोन एकर जमीन वाचू शकते.

बायकांनी स्वतः पेपर काढले तेव्हा नावं कशी ठेवली, हेही सांगते. १९७७ मध्ये 'बायजा' निघालं, हे शेतावर राबणाऱ्या कुठल्याही बाईचं नाव. १९८९ मध्ये विद्या बाळांनी 'मिळून साऱ्याजणी' काढलं. आणि महाराष्ट्राबाहेर, उत्तर प्रदेशात चित्रकूटला, २००२ मध्ये 'खबर लहरिया' सुरू झालं, बुंदेलीत. बातम्या आणणाऱ्या, लिहिणाऱ्या, सायकलवरून विकणाऱ्या सगळ्या गावातल्या बायका, पुष्कळजणी दलित, काहीजणी मोठेपणी लिहायला शिकलेल्या. रेशन, हातपंप, शाळेतला मास्तर, पोलीस चौकी, असल्या बातम्या. ठाण्यात गेल्या की आधी त्यांना कुणी पत्रकार मानत नसे. २००९ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. आता कागदावरचा अंक बंद झालाय, काम मोबाइलवर चालतं. या तिन्ही नावांत ना नेता, ना रण, ना सिंह.

काल रात्री जेवताना काहीजणी म्हणाल्या, आपणही जिल्ह्याचं एक पत्रक काढू या. नावंही निघाली. 'पाणवठा', 'चावडी', 'सातबारा', आणि एकीने 'याही' सुचवलं, त्यावर फार हसलो. 'चावडी' मिळणं कठीण, इतकी जुनी नावं कुणीतरी घेतलेलीच असतात. 'याही' मात्र रिकामं असण्याची शक्यता आहे. अर्ज करायचा तर निदान पाच नावं पसंतीक्रमाने आजच लिहून द्या, आणि मालक म्हणून कुणाचं नाव टाकायचं तेही दुपारच्या सत्राआधी ठरवा.