दोन युद्धे, एक तिजोरी
जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. पुढच्याच वर्षी व्हिएतनाममधील सैन्य झपाट्याने वाढू लागले. दोन्ही युद्धांचा भार देश पेलील, असे ते सांगत राहिले. करवाढीचा अप्रिय विषय मात्र लांबवीत गेले. अखेर १९६८ मध्ये आयकरावर १० टक्के अधिभार बसवावाच लागला. त्याला संमती देताना तेथील काँग्रेसने सरकारी खर्चात ६ अब्ज डॉलरची कपात मान्य करून घेतली. व्हिएतनामचा खास खर्च या कपातीतून वगळला होता! वृद्धांचा आरोग्यविमाही वाचला. त्याच्यामागे पगारातून कापल्या जाणाऱ्या स्वतंत्र कराचे बळ होते. दरवर्षी मंजुरीसाठी हात पसरणाऱ्या दारिद्र्यनिवारणाच्या कार्यक्रमांना असे कोणतेच कवच नव्हते.