पुणे-सोलापूर रस्त्यावरचे पाहुणे

पक्षी पाहायला हिवाळ्यातला एक दिवस पुणे-सोलापूर रस्त्याला द्या. उजाडताना मुळा-मुठेवरचं कवडीपाट गाठा. तिथे चक्रवाकांच्या जोड्या दिसतात. पाण्यावरचा फेस आणि प्लास्टिक मात्र पाहवत नाही. मग थेट भिगवण. उजनी धरणाच्या फुगवट्यावर, कुंभारगावला होडीत बसा. रोहित पक्षी मान खाली घालून, चोच उलटी धरून चिखलपाणी गाळत असतात. थापट्या बदकाची चोच पळीसारखी पसरट. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब दिसले, तर नीट पाहून घ्या. ते हिमालय ओलांडून आलेले असतात. फोटोसाठी नावाड्याला थव्यात होडी घालायला लावू नका. उडवलेल्या पक्ष्याचं चरणं थांबतं, आणि परतीच्या प्रवासासाठीची चरबी त्याला इथेच साठवायची असते.