पदे मंजूर, माणसे नाहीत
(वार्षिक सर्वसाधारण सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या सभेत आम्ही नव्या यंत्रांची व नव्या कक्षांची माहिती आपल्यासमोर ठेवतो. यंदा आमच्या पुनर्वसन विभागातील एका रिकाम्या खुर्चीविषयी बोलण्याची अनुमती असावी. ती खुर्ची वाचा-उपचारतज्ज्ञाची आहे.

जन्मतः कर्णबधिर असलेल्या लहान मुलांसाठी केंद्र शासनाच्या 'एडिप' योजनेतून २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांटची सोय झाली. त्या वेळी एका मुलामागे सहा लाख रुपयांपर्यंतचा भार शासनाने उचलला. वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था या कामाची मध्यवर्ती यंत्रणा आहे. गरीब घरातील आईबापांना हे स्वप्नवतच होते, आणि याबद्दल शासनाचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु यंत्र सुरू झाल्याच्या दिवशी मुलाला आवाज ऐकू येतो, अर्थ नव्हे. भांडे पडल्याचा आवाज कोणता आणि आईची हाक कोणती, हे त्याला आठवड्यामागून आठवडे बसून शिकवावे लागते. हे शिक्षण लांबले तर भाषा येण्याचे कोवळे वय निघून जाते आणि कानामागचे यंत्र नुसतेच दिवा लुकलुकवीत राहते.

हे शिकविणाऱ्या व्यक्तीला १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असणे बंधनकारक आहे. हा नियम योग्यच आहे. एखाद्या प्रेमळ शिक्षिकेला त्या जागी बसवून वेळ मारून नेणे आम्हांस मान्य नाही. मात्र अशी प्रशिक्षित माणसे मुंबई-पुण्यात शिकतात आणि बहुधा तेथेच राहतात. जिल्ह्याच्या गावी यावे, तर तेथे पगार नव्हे, मानधन असते. स्वयंसेवी संस्थांसाठीच्या दीनदयाळ दिव्यांगजन पुनर्वसन योजनेत मान्य खर्चाच्या ९० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते. पण ते वर्षावर्षाने मंजूर होते. मागील वर्षाचे लेखापरीक्षण, तपासणी अहवाल, शिफारस या पायऱ्या चढून रक्कम हाती पडेपर्यंत शाळेचे एखादे सत्र सरलेले असते. सार्वजनिक पैशाला तपासणी हवीच. प्रश्न एवढाच की, त्या मधल्या महिन्यांत त्या माणसाने घरभाडे कशातून द्यावे?

सन २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले. त्याच कायद्यातील पुनर्वसनाचे कलम मात्र शासनाची जबाबदारी 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' बसविते. २०११ च्या जनगणनेत, म्हणजे ही यादी वाढण्यापूर्वीच, महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, त्याचे आम्ही मनापासून स्वागत केले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखावा, असाही नियम आहे. आमचा अनुभव असा की, अशा निधीतून तीनचाकी सायकल सहज मिळते, कारण ती समारंभात देता येते. वाचा-उपचाराचे छायाचित्र निघत नाही.

शासनाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. परंतु हा दोष आमच्याही घरात आहे, हे या सभेत सांगितले पाहिजे. श्रवण-चाचणी कक्षासाठी आम्ही आनंदाने देणगी घेतली, दारावर नामफलक लावला. आत बसणाऱ्या व्यक्तीच्या वेतनाची तजवीज केली नाही. अनुदान लांबले तेव्हा आम्हीही तिचे दोन महिन्यांचे मानधन लांबविले. तिसऱ्या महिन्यात तिने नम्रपणे राजीनामा दिला. नंतरच्या गुरुवारी दोन एस. टी. बदलून आलेली एक माता बंद दारासमोर मुलाला घेऊन बसली होती. "ताई रजेवर आहेत का?" एवढेच तिने विचारले. आमच्या परिचारिकेला उत्तर देता आले नाही.

यावर मंडळाने ठराव केला आहे. पुनर्वसन विभागाचे वेतन यापुढे दरमहा एक तारखेस संस्थेच्या निधीतून दिले जाईल आणि अनुदान आल्यावर ते निधीत जमा होईल. आमच्यापैकी काही विश्वस्तांचा यास विरोध होता. आपण भार उचलू लागलो तर शासनाला ती सवय होईल, असे त्यांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे, म्हणूनच प्रत्येक थकीत हप्त्याचा पाठपुरावा लेखी करावा, हे त्यांचे कलम ठरावात जसेच्या तसे घेतले आहे. पण मूल शासनाच्या सवयी बदलेपर्यंत तीन वर्षांचेच राहणार नाही.

देणगीदारांना विनंती एवढीच, की या वर्षीची देणगी यंत्रासाठी न देता या वेतन निधीस द्यावी. तिच्यापोटी नामफलक लावता येणार नाही, हे आधीच सांगतो. रिक्त पदाची जाहिरात दिली असून मुलाखती पुढील महिन्यात आहेत. निधीची जमा, खर्च आणि येणे असलेले अनुदान यांचा हिशेब पुढील अहवालात स्वतंत्र पृष्ठावर छापू.